डोंगरावरच्या झाडांची पंगत

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बाया कोणी काशीला गेल्या, कोणी रामेश्वरला. एक तर मुलाकडे परदेशात जाऊन बर्फ बघून आली आणि अजून त्या बर्फाबद्दल बोलते आहे. मी गेले आंबेगाव तालुक्यात, झाडं स्वयंपाक कसा करतात ते बघायला. चिपळुणात हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग "आंबेगाव म्हणजे भीमाशंकरच ना?" असं म्हणून माझ्या नावावर परस्पर एक यात्रा जमा करतात. खरं सांगायचं तर भीमाशंकराच्या इतक्या जवळ राहूनही मला दर्शनाला सवड झाली नाही. देवानं राग धरला नसावा, कारण त्या आठवड्यात जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल.

दोन हजार सालानंतरची, मोबाइल नुकते लोकांच्या खिशात दिसू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. माझी भाची अनघा पुण्याला वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती. सूचिपर्णी झाडांच्या पानांतलं नत्र आणि त्यांची अन्न तयार करण्याची ताकद यांचा संबंध, असा तिचा विषय. पोरीनं डोंगरात एकटीनं राहायचं हे माझ्या बहिणीला पटेना. "तू काय, मोकळीच आहेस," असं म्हणून तिनं मला सोबत म्हणून धाडलं. निवृत्त माणसाइतकं मोकळं जगात कोणी नसतं, अशी सगळ्या नातेवाइकांची समजूत असते.

एसटीत बसल्या बसल्या मी अनघाला म्हटलं, मला समजेल असं सांग, नाहीतर मी उतरते. तिनं सांगितलं ते असं. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ऊन ही चूल, हवा-पाणी हा शिधा आणि नत्र म्हणजे स्वयंपाकी. पानात नत्र जास्त असेल तर स्वयंपाक जास्त. मी विचारलं, मग पीएच.डी. करायला राहिलं काय? ती म्हणाली, गंमत पुढेच आहे. आंब्या-फणसाचं पान रुंद असतं. पाईनचं पान म्हणजे नुसती सुई आणि ती दोन-दोन, तीन-तीन वर्षं झाडावर राहते. जुन्या सुईत स्वयंपाकी असतात, पण त्यांचे हात चालत नाहीत. शेंड्याला भरपूर ऊन, खाली सावली. मग झाड आपले स्वयंपाकी पाठवतं कुठं? आणि त्याला बाहेरून जास्तीचं नत्र दिलं, तर ते सगळे स्वयंपाकी कामाला लागतात की काही नुसतेच बसून राहतात? आमच्या संस्थेनं वशिल्यानं भरलेले शिपाई मला आठवले आणि विषय एकदम आवडला.

नारायणगाव

घोडेगावकडे वळायचं ते मंचरला, पण आम्ही तसंच पुढे नारायणगावला गेलो, कारण अनघाची बांबूची शिडी तिथं होती. मृगाच्या आधी येऊन तिनं डोंगरावरच्या निम्म्या झाडांना युरिया घातला होता आणि आता पावसाळा सरल्यावर मोजमापाला निघाली होती. तो युरिया ज्यांच्या दुकानातून घेतला त्या शेठजींनीच तिची शिडी गोदामात ठेवून घेतली होती. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले. पण शेठजींचं मराठी ऐकताना ते सांगावं लागतं. वारूळवाडीच्या टोमॅटोवाल्यांशी ते ज्या झोकात घासाघीस करत होते, तो झोक मला या जन्मात जमायचा नाही.

त्यांनी अनघाला तिच्या पिकाची खबर विचारली. "ताई, एवढा युरिया घातला, या झाडाचं उत्पन्न काय निघतं?"

"आकडे निघतात, शेठजी," अनघा म्हणाली.

शेठजींनी मान डोलावली. आकडे हे उत्पन्न त्यांना मान्य असावं. दिवेलागणीच्या आत त्यांच्या घरी जेवायला बसलो, कारण सूर्य मावळल्यावर ती माणसं अन्नाला शिवत नाहीत. आमच्याकडे रात्रीच्या आमटीला उकळी फुटते तेव्हा इथं भांडी घासून पालथी झालेली होती. मला वाटलं होतं, रात्री भुकेनं झोप येणार नाही. उलट इतकी गाढ झोप लागली की सकाळी टेम्पोवाला शिडी चढवून आमची वाट बघत उभा होता.

डोंगराखाली

घोडेगाव मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात. मध्येच डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसतं आणि पुन्हा लपतं. आमचा मुक्काम एका डोंगराच्या पायथ्याशी, सखाराम आणि भागाबाई या नवरा-बायकोच्या घरी होता. सासऱ्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. आता बाजरी आणि कांदा. भागाबाईचा भाऊ मात्र बेल्ह्याच्या अंगाला राहतो, त्यानं मेंढरं सोडलेली नाहीत. दिवाळी झाली की तो कळप घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाआधी याच वाटेनं माघारी जातो. हे ऐकून मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. आमच्याकडेही मेंढपाळ उतरले की लोक त्यांना आधीपासून शब्द टाकून ठेवतात, कारण रात्रभर शेतात मेंढरं बसवली की लेंड्या आणि मूत यांनी जमिनीची वर्षाची सोय होते. त्याबद्दल मेंढपाळाला धान्य द्यायचं, ही रीत घाटावर आणि घाटाखाली एकच.

पहिल्याच दिवशी भागाबाईनं मासवडी केली. नाव ऐकून मी कोकणी माणूस हरखून गेले. ताटात आल्या त्या बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आकार माशाच्या तुकड्याचा आणि वर जाळ काढणारा काळा रस्सा. फसवणूक झाली म्हणून तक्रार करायला तोंड उघडलं, पण त्या तोंडात वडी गेली आणि तक्रार तिथंच विरघळली. बांगड्याची शपथ घेऊन सांगते, मी चौथ्यांदा वाढून घेतलं. आणि वाढून घेतलं नसतं तरी भागाबाईनं वाढलंच असतं. तिच्या पंगतीत नाही म्हणायची सोय नव्हती. मला वडी वाढली की सखारामला, त्याला वाढली की अनघाला, अनघाला वाढली की टेम्पोवाल्याला. कोणाच्या ताटात एक वडी कमी नाही, एक जास्त नाही.

झाडांपाशी

डोंगराच्या माथ्यालगत एक सपाटी आहे. तिथं कोणे एके काळी वनखात्याच्या कोणा हौशी साहेबानं पाईन लावून बघितले होते. साहेब गेला, झाडं राहिली. लाकूड बेताचंच भरलं म्हणून त्यांना कोणी तोडलंही नाही. गावातले लोक त्यांना सुयांची झाडं म्हणतात. मी आधी त्यांना आपल्या किनाऱ्यावरचे सुरू समजले. अनघानं मला लगेच दुरुस्त केलं, की सुरू दिसायला तसा असला तरी या कुळातला नव्हे. चाळीस वर्षं पोरांना दुरुस्त केल्यावर आता दुरुस्त होण्याची माझी पाळी होती.

पण काय झाडं ती! दोन मजली घराएवढी उंच, खाली वाळक्या सुयांची अशी गादी की पावलाचा आवाज येऊ नये. वारा आला की वर समुद्रासारखी गाज. डोळे मिटले तर मी गुहागरच्या पुळणीवर होते आणि उघडले तर समोर घाटावरचा उघडा डोंगर. राळेचा वास केसांना लागून राहतो, तो घरी गेल्यावर दोनदा न्हाले तेव्हा गेला. परक्या मुलखातून आलेलं झाड या मुरमाड जमिनीत, चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन सोसत इतकी वर्षं उभं आहे, याचंच मला कौतुक वाटत होतं.

युरिया घातलेल्या झाडांना अनघानं लाल रंगाची पट्टी मारली होती, न घातलेल्यांना पांढरी. तिच्याजवळचं यंत्र एका मोठ्या संस्थेतून उसनं आणलेलं, फक्त आठवडाभरासाठी. त्याला एक पारदर्शक डबी होती. शिडीवर चढून जिवंत फांदीवरच्या सुया डबीत धरायच्या, की त्या हवेतला कर्बवायू किती वेगानं ओढून घेतात त्याचा आकडा दिसायचा. शेंड्याच्या सुया, मधल्या, खालच्या, नव्या, जुन्या असं सगळं मोजायचं. मग त्याच सुया कागदात बांधून न्यायच्या आणि त्यांतलं नत्र पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायचं. शिडी सखाराम धरायचा. मी खाली बसून आकडे लिहायची आणि दर पाच मिनिटांनी "सांभाळून" म्हणायची, ज्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

लाल पट्टीची झाडं झाली. सगळं अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पट्टीची झाडं मोजायला घेतली आणि अनघाचा चेहरा उतरला. आकडे तेच. सुयाही तितक्याच गर्द हिरव्या. तिनं डबी पुसली, यंत्राच्या नळ्या तपासल्या, लाल झाडांवर पुन्हा जाऊन आली. यंत्र ठणठणीत होतं. संध्याकाळी उतरताना ती मला म्हणाली, "मावशी, उपाशी झाड आणि जेवलेलं झाड यांत फरकच नसेल, तर मी मोजतेय काय?" तिची शिष्यवृत्ती उन्हाळ्यापर्यंतच होती. यंत्राची पाळी पुन्हा वर्षभर येणार नव्हती. हा आठवडा वाया गेला, तर तीन वर्षांचं काम गेलं आणि बहुतेक पीएच.डी.ही गेली. 

जेवताना अनघा भाकरीचे तुकडे नुसते मोडत होती. भागाबाईनं हात थांबवून काय झालं म्हणून विचारलं. पांढऱ्या पट्टीची झाडं युरिया न घालताही तरारलीत, त्याचं कोडं सुटत नाही, असं अनघानं सांगितलं. भागाबाईचा चेहरा उजळला.

"दिसतंय न्हवं? म्या ह्यांला म्हनलं व्हतं, पोरगी आल्याबरूबर वळखंल. आगं, तू लाल पट्टीवाल्यांला वाढून गेलीस आन ही बिचारी तशीच बघत ऱ्हायली. एका पंगतीला बसल्यालं सगळं. निम्म्यांला वाढायचं आन निम्म्यांला न्हाई, आसा पंक्तिपरपंच करत्यात व्हय? मला वाटलं, पोरीचा युरिया सरला आसंल, सांगाया लाजली आसंल. मंग भाऊ कोकनातनं माघारी आला तवा त्याची मेंढरं दोन राती थितं बसवली."

सखाराम हसत म्हणाला की त्या दोन राती खरं म्हणजे त्यांच्या कांद्याच्या वावराच्या होत्या. भावाला बाजरीही घातली होती.

माझं डोकं फिरलं. पोरीच्या तीन वर्षांच्या कामावर मेंढरं बसवली आणि वर कौतुक सांगताय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बाईनं स्वतःच्या वावराचं खत काढून माझ्या भाचीच्या झाडांना घातलं होतं, तेही तिची लाज राखायला. यावर रागवायचं तरी कुठून सुरुवात करून? अनघानं मात्र "बरं केलंत, मामी" म्हटलं आणि ताटातली भाकरी संपवली. त्या भाकरीच्या प्रत्येक घासाला मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

ओट्यावर येऊन बसल्यावर मी म्हटलं, निदान तिला खरं तरी सांग. अनघा म्हणाली, सांगून कांद्याला खत मिळणार आहे का? मग तीच आपल्या मनाशी बोलल्यासारखी म्हणाली, मेंढरं नक्की कुठं बसली होती, ते विचारायला हवं.

वरच्या अंगाला

ते सखारामनं सकाळी सपाटीवरच दाखवलं. सपाटी संपून जिथं खडकाळ चढ सुरू होतो, तिथं मेंढरू बसत नाही; त्याला अंग टाकायला मऊ, सपाट जागा लागते. त्या चढावर पांढऱ्या पट्टीची थोडी झाडं होती. मूठभरच. पण तिथवर ना युरिया पोचला होता ना लेंडी, आणि पाण्याचा उतार तिथून खाली होता, म्हणजे खालचं काही वाहूनही वर गेलं नव्हतं. अनघानं पहिल्या झाडाच्या सुया डबीत धरल्या आणि कितीतरी वेळ आकड्याकडे बघत राहिली. मग वरून ओरडून आकडा सांगितला. तो कमी होता. दुसऱ्याच्या कमी आकड्यानं मला एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

चढावर शिडी उभी राहीना. सखारामनं ती दोरखंडानं बुंध्याला बांधली आणि एक पाय खडकाला लावून तो दिवसभर शिडीला टेकून उभा राहिला. त्यातच बॅटरी उतरली. गावात भारनियमन, वीज कधी येईल ते वीज मंडळालाही ठाऊक नसावं. शेवटी ती घोडेगावला नेऊन जनरेटरवर भरून आणावी लागली, त्यात एक अख्खी दुपार गेली. त्या दुपारी मी झाडांखाली नुसती बसून होते, आणि न मोजता जे दिसतं ते बघत होते. या उपाशी झाडांच्या खालच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळत होत्या, पण शेंड्यावरचे कोवळे झुपके हिरवेगार. पुढे प्रयोगशाळेतल्या तपासणीनं तेच सांगितलं. झाड जुन्या सुयांतलं नत्र काढून वर, जिथं ऊन आहे तिथं पाठवत होतं. म्हाताऱ्यांनी सुकायचं, पण पोरांना कमी पडू द्यायचं नाही. उलट खत मिळालेल्या झाडांच्या सुयांत नत्र भरपूर होतं, पण काम मात्र त्या मानानं वाढलं नव्हतं. काही स्वयंपाकी बसूनच होते. अनघानं अंदाज केला होता तसंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढावर काम करत होतो, तर खालून भागाबाई येताना दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत लेंडीखत. एवढा डोंगर चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. सखाराम रात्री बोलून गेला होता की वरची झाडं तशीच राहिलीत. झालं. बाईला रात्रभर चैन पडलं नसावं.

अनघा शिडीच्या टोकावर होती. तिचा हात डबीवर तसाच थांबला. एक पाटी खतानं चार दिवसांत काही सुया हिरव्या होत नसतात, हे मला नंतर कळलं. पण अनघाला याच झाडांवर उन्हाळ्यात पुन्हा सुया तपासायला यायचं होतं आणि ही मूठभर झाडं सोडली तर डोंगरावर एक उपाशी झाड उरलेलं नव्हतं. भागाबाई पाटी उतरवायला वाकली. तिला नत्राचं सांगावं तर मलाच ते धड येत नव्हतं. थांबा म्हणावं, तर जेवणाऱ्याच्या पुढचं पान ओढल्यासारखं झालं असतं. मी पुढे झाले आणि माझ्या तोंडून निघालं, "भागाबाई, या झाडांचा उपास आहे."

ती वाकलेली होती तशीच थांबली. उपासाच्या माणसाला आग्रह करायचा नसतो. ते तिच्याकडेही आहे, माझ्याकडेही आहे, आणि त्यात पंक्तिप्रपंच होत नाही. तिनं पाटी खडकावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि वरच्या झाडांकडे बघितलं. मग हळूच मान वळवून खालच्या सपाटीकडे बघितलं. 

"मंजी खालच्यांचा उपास म्या मोडला व्हय?"

अनघा शिडीवरून उतरली. मला वाटलं, आता ही खोटं बोलणार. ती खोटं बोलली नाही. ती म्हणाली, "मोडला, मामी. पण उपास धरणाऱ्यानं आधी सांगायचं असतं. सांगायचं माझ्याकडून राहिलं."

भागाबाई खडकावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं लपवलं नाही. किती नुसकान झालं, एवढंच तिनं विचारलं. अनघानं तिला ही वरची झाडं दाखवली आणि सांगितलं, एवढ्यांवर माझं काम निभतंय, पण यांना उन्हाळ्यापर्यंत कोणी काही वाढायचं नाही. भागाबाई उठली, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती तशीच भरलेली पाटी घेऊन डोंगर उतरली. एक लेंडी तिनं वाटेत सांडू दिली नाही.

आम्ही आठवडा संपवून निघालो. यंत्र वेळेत परत गेलं. झाडं फार थोडी म्हणून अनघाच्या गाइडनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. मेंढरं बसवलेल्या झाडांचा वेगळा गट करा, तोही कामाचा आहे, असंही सुचवलं. उन्हाळ्यात अनघा शेवटच्या सुया आणायला निघाली, तेव्हा मला कोणी सोबत जा म्हणून सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन गेले.

मधल्या काळात भागाबाईचा भाऊ कोकणात जाताना आणि येताना तिनं त्याला मेंढरं सपाटीवर चढवूच दिली नव्हती. शेळ्या वर गेल्या तर हुसकायला ती स्वतः जात असे. अनघानं सुया काढून कागदात बांधल्या, झालं माझं काम म्हणाली. भागाबाई सकाळपासून या क्षणाचीच वाट बघत असावी. झाडामागे तिनं पाटी आणून ठेवलेलीच होती. मला वाटलं, आता ही खत घालायला सुरुवात करणार. तिनं पाटी उचलून अनघाच्या हातात दिली.

"ज्यानं उपाशी ठिवलं, त्यानंच वाढावं."

अनघानं चपला काढल्या. एकेका झाडापाशी वाकून ती ओंजळीनं खत घालत गेली. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. भागाबाई मागून बघत होती, एके ठिकाणी ओंजळ लहान पडली तर तिनं खूण करून पुन्हा वाढायला लावलं. शेवटचं झाड झालं. अनघाचे हात खतानं माखलेले होते. तेच हात तिनं जोडले आणि झाडांना म्हणाली, "सावकाश होऊ द्या."